दाणे पुसलेला फोटो

चंद्रपूरच्या एका फोटोवाल्या डॉक्टरनं मला फसवलं. माझ्या अंगात गाठ होती, ती त्यांना दिसली होती, आणि तरी त्यांनी मला गाठ नसलेला फोटो हातात दिला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग होता तेव्हा त्यांच्या दवाखान्यात जाऊन टेबलावर हात आपटून आलो. आता लिहितो आहे ते लाजेनं, कारण या फसवणुकीत माझा वाटा किती होता हे मला त्याच टेबलावर दिसलं.

ज्यांना असलं दुखणं आहे आणि ते धोतराखाली झाकून बसले आहेत, त्यांनी हे वाचावं. तसे आमच्या भागात पुष्कळ आहेत.

*

मी लाकडाचा व्यापारी. बाप बल्लारपूरला आरागिरणीत लठ्ठे ओढायचा. मी तिथंच भुसा भरता भरता धंदा शिकलो आणि तिशीच्या आत आलापल्लीच्या लिलावात स्वतःच्या नावानं बोली लावायला लागलो. आमच्या वस्तीतला पहिलाच मी. पाठीशी कोणी नव्हतं, म्हणून आवाज मोठा ठेवायची सवय लागली. समोरचा थकेपर्यंत घासाघीस करायची, आणि थकला नाही तर ओरडायचं. त्यानं काम व्हायचं.

सागाचा लठ्ठा बाहेरून सरळ दिसला तरी आत पोकळ असू शकतो. ते ओळखायला माझ्याकडं दोलसूदादा होते. भामरागडकडच्या जंगलातल्या गावचे, माझ्या बापाच्या वयाचे माडिया आदिवासी. ते कुऱ्हाडीच्या पाठीनं लठ्ठ्यावर ठोकायचे आणि कान लावायचे. सुरुवातीला मी एकदाच ठोकून मोकळा व्हायचो, तेव्हा ते म्हणाले होते,

"एका जागी ठोकून समजत नाई, भाऊ. साल बोलते, ओल बोलते, सगळं मिळून बोलते. जागा बदल. जागा बदलली का सालीचं बोलनं बदलते. पोकळ असली तं ते तिथीच राह्यते."

आणखी एक गोष्ट मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. खासगी व्यापारी पोकळ लठ्ठ्याच्या तोंडात भुसा आणि सरस भरतात, वरून रंधा मारतात. म्हणून ज्या लठ्ठ्याचं तोंड जास्त गुळगुळीत दिसेल त्याला मी हात लावत नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीही तसे लठ्ठे विकले होते.

*

डाव्या बाजूला जड वाटायला लागलं ते दिवाळीच्या आसपास. अंडाला सूज. आमच्याकडं डासांमुळं हे दुखणं घरटी एक तरी असतं. त्यात पाणी भरतं, माणूस चालायला पाय फाकवतो आणि सारं गाव त्याच्यावर हसतं. मीही हसलो आहे. आमच्या डेपोवरच्या एका हमालाला मी चार माणसांत त्यावरून नाव ठेवलं होतं, आणि ते नाव त्याला चिकटलं.

म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. पँट सोडून धोतर नेसायला लागलो. डेपोवर लोक म्हणाले, "का भाऊ, विलेक्शनले उभे राह्यता का?" मी म्हणालो, "हो, तुमच्याच भरवशावर." हसलो. घरी माझी बायको मंदा एवढ्यावर ऐकणारी नव्हती.

"का जी, तुमी धोतर काऊन नेसून राह्यले?"

"गरमी होते."

"दिवाळीत?"

मी तिच्यावर ओरडलो. त्या दिवसापासून माझी धोतरं ती वेगळी धुवायला लागली. मोलकरणीला देईना. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईपासून मी अंग चोरत होतो. झोपायला ओसरीवर जायचो आणि कारण सांगायचो की हिशेब पाहायचे आहेत.

*

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, पाणी आहे, पण मागं काहीतरी कडक लागतं आहे, सोनोग्राफी करून घ्या. चंद्रपुरात ती मशीन तेव्हा नवीन आली होती. लोक तिला फोटोची मशीनच म्हणत.

खोली अंधारी. बाकावर उताणं झोपवलं, धोतर बाजूला, वर थंडगार चिकट मलम. डॉक्टर माझ्याच वयाचे, मऊ बोलणारे. वायरनं मशीनला जोडलेली मूठ अंगावर फिरवत ते मशीनच्या छोट्या काचेकडं पाहत होते. दाराला नुसता पडदा. पडद्याबाहेर बाकड्यावर वरोऱ्याचा एक व्यापारी आपल्या बायकोला घेऊन बसला होता. त्याचा माझा नुकताच लिलावातल्या एका लॉटवरून वाद झाला होता. त्याचा खोकलासुद्धा मला ओळखू येत होता. आपण इथं कसे पडलो आहोत हे त्याला कळलं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

डॉक्टर एका जागी दोनदा थांबले. फोटो काढला. मशीनमधून कागद बाहेर आला. मग म्हणाले, "इथं जरा काळपट वाटतंय. नक्की सांगता येत नाही. तुम्ही कुशीवर वळा, मी दुसऱ्या बाजूनं पाहतो. थोडा वेळ लागेल."

हे वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. पुढं सहा महिने मी ते ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत फिरलो.

मी उठून बसलो आणि कागद त्यांच्या हातून घेतला. सगळा कागद दाण्यांनी भरलेला. पांढरे, करडे, काळे दाणे.

"हा फोटो आहे का भाजलेला रवा आहे?"

"हे दाणे तुमच्या अंगात नाहीत," ते समजावून सांगायला लागले. "मशीन आवाज सोडते. तो आत अगदी बारीक बारीक गोष्टींवर आपटून परत येतो. परत येणारे आवाज एकमेकांत मिसळतात. कुठं वाढतात, कुठं मारले जातात. बाजारात लांबून गलका ऐकू येतो ना, तसं. त्याचे हे दाणे. आमच्या सगळ्यांचीच ही डोकेदुखी आहे."

"मंग कमी करा ना."

"करता येतात. एक कळ आहे, ती चित्रं एकमेकांत मिसळून गुळगुळीत करते. पण तिच्यानं बारीक गोष्टीही पुसल्या जातात. खरा उपाय म्हणजे बाजू बदलून पाहणं. उद्या सकाळी निवांत या, नाहीतर नागपूरला जा. तिथं अशा कामाची वेगळी मूठ आहे, फार बारीक दिसतं."

नागपूर म्हणजे आणखी एक खोली, आणखी एक बाक. मी आवाज चढवला. पडद्याबाहेर जाईल इतका चढवला, पण दुखण्याचं नाव न घेता. तेवढी हुशारी होती.

"मशीन नवी आनली का जुनी उचलून आनली? मी पैसे साफ देऊन राह्यलो, मले फोटो साफ पायजे. नाई तं वरोऱ्यापासून आलापल्लीपर्यंत सांगतो, इथचा फोटो खराब निघते म्हनून."

त्यांनी पडद्याकडं पाहिलं. बाहेर चार माणसं बसली होती. नवीन दवाखाना, नवीन मशीन, डोक्यावर कर्ज असणार. मी त्यांना बरोबर तोललं होतं. कोण कुठं वाकतो हे ओळखणं हाच माझा धंदा.

त्यांनी तो कागद माझ्या हातून परत घेतला, मला झोपवलं, मूठ ठेवली, कळ दाबली. नवा कागद आला. दाणे गेले होते. लोण्यासारखा फोटो. खाली त्यांनी लिहिलं, पाणी आहे, बाकी ठीक.

मी बाहेर पडलो तो लिलाव जिंकल्यासारखा. वरोऱ्याच्या व्यापाऱ्याला नमस्कारही केला. "मुतखडा आहे का पाह्यलं," मी म्हणालो. "काई नाई निघालं."

*

तो फोटो मी खिशात घेऊन फिरायचो. मंदाला मुतखड्याचा म्हणून दाखवला, कारण आता दाखवण्यासारखं काही होतं.

"मले तं याच्यात काईच दिसत नाई," ती म्हणाली.

"काई नाई म्हनूनच दिसत नाई."

"मंग तुमी रोडावून काऊन राह्यले?"

कंबर दुखायची, भूक गेली होती. सूज वाढतच होती. मी मनाशी म्हणायचो, पाणीच आहे, पावसाळ्याआधी काढून टाकू.

मार्चमध्ये आलापल्लीला लिलावाच्या आधी दोलसूदादांबरोबर लॉट पाहत होतो. मला वाकता येईना. मी एका लठ्ठ्यावर टेकलो. ते कुऱ्हाड खाली ठेवून समोर उभे राहिले.

"का होते, भाऊ?"

मी चिडून खिशातून फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हे पाहा. डॉक्टरचा कागद आहे. काई नाई मले."

त्यांनी असला फोटो कधी पाहिला नव्हता. उलटा धरला, सुलटा धरला. मग अंगठा त्यावरून फिरवला. लठ्ठ्याच्या तोंडावरून फिरवायचे तसाच.

"मले यातलं समजत नाई," ते म्हणाले. "पन हे तोंड घासल्यावानी दिसते."

मी कागद हिसकावून घेतला. चार मजूर ऐकत होते. त्यांच्यासमोर मी त्या म्हाताऱ्या माणसाला म्हणालो, तुमची अक्कल लाकडापुरती ठेवा. ज्यांना मी दादा म्हणतो, ज्यांच्या कानावर माझं घर उभं राहिलं, त्यांना. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि पुढच्या लठ्ठ्याकडं गेले. त्या दिवशी त्यांनी ठोकून पसंत केलेले सगळे लठ्ठे भरीव निघाले.

माझ्या आजारपणात मला उलट्या झाल्या, केस गेले, लोकांसमोर उघडं पडावं लागलं. पण आठवून अंगावर काटा येतो तो या गोष्टीचा.

*

मे महिन्यात मी ओसरीवर चक्कर येऊन पडलो. मंदानं धोतर सैल केलं तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिलं. ती ना ओरडली ना रडली. मी शुद्धीवर येण्याची वाट पाहत बसली आणि मग म्हणाली, "उद्या नागपूर."

नागपूरला तपासणाऱ्या डॉक्टर बाई निघाल्या. मी दारातच थांबलो.

"दुसरं कोनी नाई का?"

"मीच आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे आज सकाळपासून पाच झाले."

मंदा मागून हळूच म्हणाली, "चाला आता. मी येतो संग."

बाईंची मूठ लहान होती. त्या म्हणाल्या, हिचा आवाज जास्त बारीक, कातडीजवळचं चांगलं दिसतं. मी बाकावर पडलो आणि खिशातला गुळगुळीत फोटो त्यांना दिला. त्यांनी तो उजेडात धरला आणि बाजूला ठेवला.

काचेवर पुन्हा तेच दाणे. मी सवयीनं म्हणालो, "हे दाने साफ नाई होत का?"

"होतात. पण मी आधी तसेच ठेवते." त्यांनी मूठ थोडी तिरपी केली, परत सरळ केली, परत दुसरीकडून तिरपी. "दाणे मोजू नका. हात हलवला की ते बदलतात बघा. जे बदलतं ते सोडून द्यायचं. जे बदलत नाही तेवढं बघायचं."

मी काचेकडं पाहत होतो आणि माझ्या कानात दोलसूदादांचा आवाज येत होता. वीस वर्षं मी याच विद्येवर जगलो. लठ्ठा घेताना मी एका बाजूनं ठोकून कधी पैसे मोजले नाहीत. आणि स्वतःच्या अंगासाठी मी ओरडून ओरडून रंधा मारून घेतला.

मंदा पायाशी उभी होती. शाळा चौथीपर्यंत. तिनं काचेकडं बोट केलं.

"बाई, ते काळं हालून नाई राह्यलं."

डॉक्टर बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "तेच."

मंदानं माझं धोतर नीट केलं. मला ते स्वतः करायचं सुचलं नाही.

*

कर्करोग. अंड काढून टाकलं. पण सहा महिन्यांत तो तिथंच थांबला नव्हता, पोटातल्या गाठींपर्यंत गेला होता. सर्जन म्हणाले, आधी आला असता तर एवढ्यावर भागलं असतं. आता औषधाच्या बाटल्या, आणि त्यानंतर पोटाला कोबाल्टच्या किरणांचे शेक. वाचेन का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी "आशा आहे" एवढंच म्हटलं. सागाच्या भावावर मी कोणालाही तास तास बोलायला लावत असे. तिथं मी घासाघीस न करता कागदावर सही केली.

दवाखान्याचा दिवस मशीनसारखा असायचा. सकाळी रक्त. मग बाटली. मग पितळी पातेल्यात उलट्या. शेकांच्या महिन्यात पोटावर जांभळ्या शाईनं चौकोन काढले होते, ते धुवायचे नव्हते. मी लाकडावर खडूनं चौकोन काढायचो, कुठून कापायचं ते दाखवायला. रोज तो चौकोन पाहून मला तेच आठवायचं.

पडद्याआड कपडे काढायला आम्ही आठ-दहा पुरुष रांगेनं उभे राहायचो. पहिल्या दिवशी सगळे भिंतीकडं तोंड करून. चौथ्या-पाचव्या दिवशी सिरोंच्याकडचा एक तेलुगू मास्तर म्हणाला, "आपन सगळे मिळून चार-पाच पुरे मानूस होऊ." आम्ही हसलो. किती तरी महिन्यांनी मी दुखण्यावर हसलो, आणि या वेळी दुसऱ्याच्या दुखण्यावर नव्हे. बरं वाटलं. लाज एकट्यानं धरली की जड होते, रांगेत थोडी हलकी होते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

मंदा धर्मशाळेत राहायची. सकाळी लिंबू कापून माझ्या नाकाशी धरायची, त्यानं मळमळ कमी व्हायची. एकदा लिंबू धरून ती म्हणाली, "मले वाटलं होतं, तुमी दुसरीकडे कुठी जाऊन राह्यले. म्हनून अंग चोरता."

"कोनाकडे?"

"मले का मालूम. धोतर धुताना पाहत होती, काई सापडते का."

मग थोड्या वेळानं, "बारा वर्स संग राह्यली मी. मले सांगाले कायची लाज होती?"

मी एवढंच म्हणालो, "चुकलो." तिनं लिंबाची फोड पिळून पाण्यात टाकली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

*

मी वाचलो. बाटल्या आणि शेक संपले, दर तीन महिन्यांनी बाई मूठ तिरपी करून पाहतात, आणि आता तिथं दाण्यांशिवाय काही नसतं. केस आले, पूर्वीपेक्षा कुरळे.

चालता यायला लागल्यावर मी पहिला गेलो तो चंद्रपूरला. गुळगुळीत फोटो टेबलावर टाकला आणि हात आपटला. डॉक्टर पांढरे पडले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. कपाटातून एक पाकीट काढून समोर ठेवलं. आत तो पहिला फोटो होता, रव्याचा. त्यावर पेन्सिलीनं काढलेला एक बारीक गोल.

"हा गोल तुम्ही बाहेर गेल्यावर काढला," ते म्हणाले. "फोटो फेकवला नाही."

"म्हनजे तुमाले दिसलं होतं."

"शंका होती."

"मंग लिवलं काऊन नाई?"

त्यांनी पहिला फोटो पाकिटात परत सरकवला. मग म्हणाले, "तुम्हीच साफ फोटो मागितला."

माझा हात परत उठला होता. तो मी खाली ठेवला, कारण हे वाक्य माझं होतं. वरोऱ्याच्या एका गुरुजींनी घराच्या चौकटीसाठी माझ्याकडून सागाचा लठ्ठा घेतला होता. तोंडाला भुसा-सरस भरून, रंधा मारून मी दिला होता. वर्षभरात चौकट आतून खचली. गुरुजी बस पकडून बल्लारपूरला आले आणि मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? मी त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, तुमीच साफ माल मागतला." ते उठून गेले. त्यांच्या मागं मी हसलो होतो.

हे उत्तर नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं.

दोलसूदादांच्या गावी मी जाऊन आलो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पानाच्या द्रोणात पाणी दिलं. मी माफी मागितली, तर माझी कंबर पाहून म्हणाले, "आता वाकतं का?" वाकतं, मी म्हणालो. गुरुजींच्या दाराला मी नवी चौकट नेऊन बसवली, भरीव सागाची, तोंडं न घासलेली. त्यांनी माहीत होतं का म्हणून विचारलं होतं ना, तर मला माहीत होतं, हे तोंडानं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. तो त्यांचा हक्क.

तर माझ्याकडचं मी दिलं आहे, उशिरा, पण दिलं आहे. राहिले डॉक्टर. मी ओरडलो, धमकी दिली, माझ्या अब्रूपायी घाई केली, हे सगळं कबूल. पण तुमच्या दारात मी गुरुजींसारखा, मालातलं न कळणारा गिऱ्हाईक होतो, आणि मूठ तुमच्या हातात होती. डॉक्टर, तुम्ही पाहिलंत, आणि पाहिल्यावर पुसलंत. मी बाहेर गेल्यावर ज्या हातानं पेन्सिलीचा गोल काढला, त्याच हातानं मी आत असताना कागदावर "बाकी ठीक" लिहिलं. पडद्याबाहेर येऊन मला हाक का मारली नाही? मी तर फाटकापर्यंत पाय फाकवत, हळूहळूच चालत गेलो होतो. याचं उत्तर मला पाहिजे. आणि "तुम्हीच मागितलं" हे सोडून पाहिजे.